पासंगरावांचा दांडा

माणसाने किती बारीक असावं याला काही मर्यादा असते, आणि पासंगराव त्या मर्यादेला टेकून उभे असत. शर्ट घातला की लोकांना आधी शर्ट दिसायचा, मग कोपरं दिसायची, आणि बोलायला लागले तर पासंगराव दिसायचे. वाऱ्याच्या दिवशी बायको त्यांना खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवायला लावते, असं शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं म्हणणं होतं. ते खोटं होतं. जुडगा ते स्वतःहूनच ठेवत.

पासंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. तराजूची दोन पारडी नेमकी सारखी भरत नसली, की हलक्या पारड्याखाली लोखंडाचा एखादा तुकडा बांधतात. त्याला पासंग म्हणतात. हे बिरुद त्यांना मेहुण्यांनी दिलं. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. वजन अठ्ठ्याण्णव किलो, आवाज त्याहून जड. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलेल्या जावयाला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, त्यात फार वेळ गेला नाही, आणि ते बहिणीला म्हणाले, "तुझं पारडं जड, म्हणून देवाने तुला हा पासंग बांधून दिला." घरभर हशा पिकला. जावई मात्र गंभीरपणे म्हणाले की पासंग जड पारड्याला नाही, हलक्या पारड्याला बांधतात. त्याच घटकेला मेहुण्यांनी ओळखलं, की या माणसाशी आपलं जन्मभर जमणार.

पासंगरावांचं वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मध्ये हे बोळकांडं. फळ्यांवर पितळी वजनं उतरत्या भाजणीने मांडलेली, खाली पोती तोलायचे काटे, आणि काचेच्या पेटीत सोनाराचा नाजूक तराजू. दुकानात पंखा नव्हता, कारण पंख्याच्या वाऱ्याने पारडं हलतं. गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं आणि पासंगराव भुवया न हलवता काट्याकडे बघत बसायचे. काटा मध्यावर आला आणि मध्यावरच थांबला, की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते इतर लोकांच्या चेहऱ्यावर जेवणानंतर पसरतं. माप मारणाऱ्याची त्यांना चीड होती, पण झुकतं माप देणाऱ्याचीही तेवढीच. "जास्तीचं दिलं तरी काटा खोटाच ठरला की," असं ते म्हणत. लागेल तेवढं द्यावं, एक गुंजभर वर नाही, हा त्यांचा धर्म होता.

या धर्माला घरात एकच देऊळ होतं. न्हाणीघराबाहेर एक वजनकाटा होता. तो पासंगरावांनी स्वतःच्या हाताने घडवला होता आणि त्याच्या स्क्रूवर स्वतःचं शिशाचं सील मारलं होतं. तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली तेव्हापासून ते रोज सकाळी त्यावर उभे राहत. काविळीत नऊ किलो उतरले होते. वजन परत चढेपर्यंत घरात एक सुतकी कळा होती. मग एके दिवशी काटा चढू लागला आणि अठ्ठावन्नावर येऊन थांबला, तो थांबलाच. दुकानात वीस काटे असताना घरच्याच काट्यावर का, असं कोणी विचारलं तर ते सांगत, की दुरुस्तीला आलेल्या काट्यावर उभं राहणं म्हणजे आजाऱ्याला औषध विचारणं.

आता बोटीकडे वळू.

गावाला लागून मोठा तलाव होता, तलावाकाठी बोट क्लब होता, आणि क्लबात आठ वर्षांपूर्वी मेहुण्यांनी व पासंगरावांनी मिळून एक जुनी कॅटामरान घेतली होती. म्हणजे दोन लांबोळक्या, अरुंद, पोकळ होड्या समांतर ठेवायच्या, त्या आडव्या नळ्यांनी जोडायच्या, मध्ये जाळी ताणायची आणि पुढच्या नळीवर डोलकाठी उभी करून शीड चढवायचं. चालते वाऱ्यासारखी. पण एक खोड असते. वाऱ्याचा झपका बसला की एका कुशीवर उलटते, शीड पाण्यावर सपाट पसरतं, आणि एक होडी पाण्यात तर दुसरी तिच्या डोक्यावर हवेत, अशी ती आडवी पडून राहते. साधी होडी रुसते, कॅटामरान अंथरूण धरते.

तिला उठवायला काही बुद्धी लागत नाही, वजन लागतं. खालच्या होडीवर उभं राहायचं, वरच्या होडीवरून आलेला दोर धरायचा आणि मागे रेलायचं. हे खातं मेहुण्यांकडे होतं. ते आरामखुर्चीत बसावं तसे मागे रेलत, आणि अठ्ठ्याण्णव किलोंपुढे बोटीचं काही चालत नसे. ती शहाण्यासारखी उभी राही. तोवर पासंगराव पाण्यात फिरून टोप्या आणि चपला गोळा करत. शीड केव्हा ओढायचं, सुकाणू कुठे वळवायचं हे पासंगराव ठरवत. मेहुणे फक्त असत. आठ वर्षांतला एक रविवार त्यांनी चुकवला नव्हता.

गेल्या वर्षी मेहुण्यांच्या पोटात काहीतरी निघालं. काय निघालं ते डॉक्टरांनी लांबण लावून सांगितलं, घरच्यांनी ते आखडून सांगितलं, आणि मेहुण्यांनी विचारलंच नाही. त्यांच्या मुलाचं घर तलावाच्या पलीकडच्या काठावर होतं. तिथे दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी त्यांचा पलंग लावला. पहिल्याच दिवशी त्यांनी पासंगरावांना बोलावून घेतलं आणि बजावलं, "रविवारी मला या खिडकीतून शीड दिसलं पाहिजे. मी आडवा झालो म्हणून बोट आडवी व्हायची गरज नाही."

पासंगरावांनी शब्द दिला. शब्द देताना क्लबाचा नियम क्रमांक अकरा त्यांच्या ध्यानात नव्हता.

नियम क्रमांक अकरा क्लबाच्या सेक्रेटरीबाईंनी लिहिलेला होता. बाई पूर्वी एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली, पण शिट्टी सुटली नाही. ती गळ्यातच असे. सत्तरीच्या सभासदांनाही त्या "अरे, रांगेत" म्हणत आणि सत्तरीचे सभासद रांगेत उभे राहत. नियम असा, की ज्याला एकट्याने बोट पाण्यात न्यायची असेल त्याने ती बाईंच्या डोळ्यांदेखत उलटवून दहा मिनिटांत एकट्याने सरळ करून दाखवावी. परीक्षा हंगामात एकदाच. नापास झाला तर पुढचा हंगाम. नाहीतर सोबत पोहता येणारा दुसरा माणूस हवा.

दुसरा माणूस मिळवायचा पासंगरावांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एक रविवार किल्लीवाला आला आणि अर्ध्या वाटेत त्याला इतकं मळमळलं, की पुढे महिनाभर तो पासंगरावांना पाहिलं तरी पोट धरत असे. क्लबातल्या दोघांनी एकेक रविवार दिला. पण लोकांच्या स्वतःच्या बोटी असतात. दुसऱ्याच्या मेहुण्याच्या खिडकीसमोरून चकरा मारायला दर रविवारी कोण येणार? राहता राहिली बायको. ती अडुसष्ट किलोंची, सगळ्या दृष्टींनी योग्य, पण पाण्याला भिणारी. बादली काठोकाठ भरली तरी ती दोन पावलं मागे सरकायची.

तेव्हा परीक्षा द्यायची हे ठरलं. परीक्षेला सहा आठवडे होते. तराजूच्या माणसाला तरफ शिकवावी लागत नाही. वजन कमी पडत असेल तर दांडी लांब करायची, एवढीच गोष्ट. होडीवर उभं राहून रेलायच्या ऐवजी बोटीच्या पोटाखालून एक दांडा आडवा बाहेर काढायचा आणि त्याच्या टोकावर जाऊन बसायचं. अंतर दुप्पट म्हणजे वजन दुप्पट. ही कल्पना सुचली तेव्हा पासंगराव जेवत होते. ते ताटावरून उठले आणि थेट कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर आकृती काढू लागले. बायकोने ताट झाकून ठेवलं. कितीतरी महिन्यांनी तिने नवऱ्याला शीळ घालताना ऐकलं होतं.

आधी बोटीचं माप घ्यायचं. एका शनिवारी दोघांनी मिळून बोट वाळूवर आडवी केली. शीड ओलं असतं तेव्हा जड होतं, म्हणून पासंगरावांनी बायकोला त्यावर पाणी ओतायला लावलं. तिने मोजून बावीस अर्ध्या-अर्ध्या बादल्या ओतल्या, आणि प्रत्येक बादलीबरोबर माहेरच्या माणसांच्या हौशीविषयी एक वाक्य ओतलं. मग त्यांनी वरच्या होडीला काटा अडकवून ओढलं, आकडा टिपला, पुन्हा ओढलं, पुन्हा टिपला, असं अकरा वेळा केलं. शेवटी वहीत उत्तर उतरलं. एक मीटरवर एकशे सोळा किलो लागतात. माझे अठ्ठावन्न. म्हणजे दांडा दोन मीटर. जाळीखाली दोन मीटर दहा सेंटिमीटर जागा होती, म्हणजे दांडा मावणारही होता.

ते आकडे त्यांनी बायकोला वाचून दाखवले. 'माझे अठ्ठावन्न' या शब्दांपाशी तिने रिकामी बादली उलटी केली आणि तिच्यावर बसली.

"थोडा जास्तीचा घ्या की लांब," ती म्हणाली. "दहा बोटं जास्त झाला तर काय बोट रागावणार आहे?"

पासंगरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने त्यांना दुधात पाणी घालायला सांगितलं होतं. भिजलेले कपडे आणि तरंगायचं जॅकेट मिळून अडीच किलो भरतील, तेवढं झुकतं माप पुरे आहे, असं त्यांनी समजावलं. खरं म्हणजे तेही त्यांना जरा जास्तच वाटत होतं.

मग दांड्याचा शोध सुरू झाला. पहिला दांडा झेरॉक्सवाल्याच्या गच्चीवरच्या जुन्या अँटेनाचा. तो दुकानात पकडीत आवळून पासंगरावांनी टोकाला वीस-वीस किलोंची वजनं टांगली. दुसऱ्या वजनाला दांडा केळ्यासारखा वाकला आणि वाकलेलाच राहिला. तो पुढे किल्लीवाल्याने पडदे लावायला नेला. दुसरा दांडा लाकडी, म्हणजे बायकोची कपडे वाळत घालायची काठी. ती तिसऱ्या वजनापर्यंत टिकली, मग मधोमध मोडली, आणि त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते इथे देण्याचं कारण नाही. तिसरा दांडा एका रंगाऱ्याच्या मोडक्या शिडीतला. जाड अॅल्युमिनियमची नळी, आणि पासंगरावांनी तिच्या पोटात लाकडाचा दांडका ठोकून बसवला. तीन वजनं टांगली तरी तो ढिम्म. झेरॉक्सवाला उत्साहाच्या भरात त्यावर स्वतः लोंबकळला, तरी ढिम्म.

बिजागरी त्यांनी एका मोडीत निघालेल्या पोत्यांच्या काट्यातून काढली. टोकाला बसायला स्टुलाची अर्धी फळी जोडली. दांडा खाली झुकू नये म्हणून वरच्या होडीपासून दोन दोर आणले. शेवटी नेमक्या दोन मीटरवर खूण केली आणि करवत चालवली. कापल्यावर मोजलं. एक हजार नऊशे नव्व्याण्णव मिलिमीटर. त्या एका मिलिमीटरने त्यांना दोन दिवस झोप लागली नाही.

आकृती घेऊन ते मेहुण्यांकडे गेले. खिडकीशी मेहुणे उशांना टेकून बसले होते. अंगावरची चादर पूर्वी जशी टेकडीसारखी दिसे तशी आता दिसत नव्हती. पासंगरावांची नजर सवयीने माणसाला तोलायची. त्यांनी मनात एकसष्ट म्हटलं, आणि म्हटल्याबद्दल स्वतःलाच शिवी घातली.

मेहुण्यांनी कॅलेंडर उलटसुलट धरून पाहिलं. दांड्याच्या टोकावर पासंगरावांनी स्वतःला एका टिंबाने दाखवलं होतं. "चेहरा हुबेहूब आलाय," मेहुणे म्हणाले. मग त्यांनी तरफेचा सगळा हिशेब नीट ऐकून घेतला. आठ वर्षांत त्यांनी असा एकही हिशेब ऐकून घेतला नव्हता. मध्येच हसू आलं तर पोटावर हात दाबत होते.

"म्हणजे माझ्या जागी आता दोन मीटरचा दांडा," ते शेवटी म्हणाले. "माझी किंमत निघाली म्हणायची, पासंगराव."

"दांडा खात नाही, दादा," पासंगराव म्हणाले.

"आता मीही खात नाही."

 मेहुण्यांनी कॅलेंडर सुलटं करून तारखा पाहिल्या. परीक्षेचा शनिवार कोणता ते विचारलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवसावर, रविवारावर, सुनेच्या पेनाने गोल केला. पेन उमटत नव्हतं, म्हणून तो गोल त्यांना तीनदा गिरवावा लागला.

घरी मात्र एक चमत्कारिक गोष्ट चालली होती. बायकोने पासंगरावांना खाऊ घालायचा सपाटा लावला होता. सकाळी दोन अंडी, दुपारी लोण्याचा गोळा, चारला केळी, रात्री दुधाचा मोठा पेला. ताट रिकामं झालं की वाढायचा डाव पुढे. नको म्हटलं तर डोळ्यांत पाणी. पासंगरावांना वाटलं, भावाच्या दुखण्याने हिचं मन हळवं झालंय, आणि तिकडे जे खाल्लं जात नाही ते ही इकडे वाढतेय. म्हणून ते निमूटपणे गिळत. पोट तडीला लागायचं, पण ते गिळत. परीक्षेच्या सकाळी काट्याने एकोणसाठ दाखवले. पासंगराव म्हणाले, "अगं, एक किलो फुकट वाढवलंस." बायको काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकच?" मग आत जाऊन आणखी दोन केळी घेऊन आली.

शनिवारी क्लबाच्या काठावर बारा-पंधरा माणसं जमली. झेरॉक्सवाला आणि किल्लीवाला दुकानं बंद ठेवून आले होते. सेक्रेटरीबाईंनी दुर्बीण, वही आणि घड्याळ अशी तयारी ठेवली होती. पाणी शांत होतं, वारा नावापुरता. पासंगराव बोट घेऊन काठापासून पन्नास हातांवर गेले, जाळीच्या कडेला उभे राहिले आणि शीड आपल्याकडे ओढून बोट कुशीवर घ्यायला लागले. तिला उलटवायलाच त्यांना आठ मिनिटं लागली. बाईंनी ती मिनिटं धरली नाहीत. बोट एकदाची आडवी झाली आणि शिट्टी वाजली.

सुरुवात तर देखणी झाली. पासंगराव खालच्या होडीवर चढले, जाळीखालची खिट्टी काढली आणि दांडा फिरवून बाहेर काढला. तो बिजागरीवर असा सुळकन आला, की काठावरच्या सोनारकाम करणाऱ्या एका सभासदाने मान डोलावली. दोर ताणले. मग पासंगराव दांड्यावरून सरपटत सरपटत टोकाला गेले आणि स्टुलाच्या अर्ध्या फळीवर बसले. वरून कावळा गेला असता तर त्याला शेजारी बसावंसं वाटलं असतं.

डोलकाठी पाण्यावरून उचलली गेली.

वीतभर उचलली गेली. शिडातून पाणी निथळायला लागलं. काठावर टाळ्या पडल्या. झेरॉक्सवाल्याने शिट्टी मारली आणि बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शिट्टी मारायचा अधिकार कोणाचा हे त्याला कायमचं कळलं. आणि मग काहीच झालं नाही.

डोलकाठी वीतभर वरच थांबली. खाली येईना, वर जाईना. पासंगरावांनी अंग मागे टाकलं, ती दोन बोटं वर गेली. त्यांनी श्वास घेतला, ती दोन बोटं खाली आली. मग मध्यावर येऊन ठरली. एका बाजूला बोट, दुसऱ्या बाजूला पासंगराव, आणि दोन्ही पारडी तंतोतंत. जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांसाठी जे त्यांनी घडवलं होतं ते आज ते स्वतः झाले होते. तलावाच्या पाण्यावर, हवेत, एका स्टुलाच्या फळीवर, काटा मध्यावर.

चार मिनिटं झाली. पाच झाली. पासंगराव मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडत होते. एकोणसाठ, वर ओले कपडे, गुणिले दोन. बोट उठायलाच हवी. आकड्यात चूक नव्हती, दांड्यात चूक नव्हती, एका मिलिमीटरचंही उत्तर त्यांनी काढून ठेवलं होतं. त्यांनी खिसे चाचपले. जुडगा काठावर काढून ठेवला होता. पलीकडच्या काठावर उन्हात एक खिडकी चमकत होती. तिच्याकडे त्यांनी पाठ फिरवायचा प्रयत्न केला, पण दांड्याच्या टोकावर बसलेल्या माणसाला पाठ फिरवता येत नाही.

काठावरून सूचना येत होत्या. ओणवं व्हा, उड्या मारा, तोंडात पाणी भरा. ही शेवटची किल्लीवाल्याची, आणि पासंगरावांनी तीही करून पाहिली. दोन्ही गाल फुगवून ते बसले. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं झुकतं माप. डोलकाठी चार बोटं वर गेली. तेवढ्यात होता तो वाराही पडला आणि ती सावकाश, न रागावता, पाण्यावर जाऊन निजली. त्यांनी तिला पुन्हा वीतभर उचललं. ती पुन्हा निजली. दहाव्या मिनिटाला बाईंची शिट्टी झाली.

क्लबाच्या होडीने त्यांना काठावर आणलं. बाईंनी वहीत लिहिलं आणि वही मिटली. पुढचा हंगाम पाच महिन्यांनी. कमरेला दोन किलोंचं वजन बांधून उद्या पुन्हा बघू द्या, असं पासंगरावांनी विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या, "अंगाला वजन बांधून पाण्यात उतरायला मी परवानगी देत नसते, बाळ." बाळ म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला. पण नियम हलला नाही.

पासंगराव टॉवेल गुंडाळून वाळूवर बसले. ओल्या कपड्यांत ते वाळत टाकलेल्यासारखे दिसत होते. बायको शेजारी येऊन बसली. ती बराच वेळ आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"किती कमी पडलं?" तिने विचारलं.

"अर्धा किलो. जास्तीत जास्त." त्यांनी वाळूत बोटाने आकडे लिहिले. "पण पडायला नको होतं. मी अठ्ठावन्न धरले होते."

"चोपन्न होते," बायको म्हणाली. "काविळीनंतर तुम्ही रोज काट्यावर चढायचात आणि उतरताना तोंड असं व्हायचं, की मला बघवेना. एक दिवस तुमचाच सील मारायचा चिमटा उचलला, सील तोडलं, स्क्रू फिरवला आणि पुन्हा सील मारलं. चार किलो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जेवायला लागलात."

पासंगरावांनी वाळूतले आकडे तळहाताने पुसले.

"त्या दिवशी बादल्या ओतल्या तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही शीळ घालत होतात." तिने गाठ सोडली. "म्हटलं, सहा आठवडे आहेत. चार किलो मी भरून काढीन. एकच चढलं मेलं."

आपलं सील कोणीतरी तोडलं, पुन्हा मारलं, आणि तीन वर्षं ते आपल्याला ओळखू आलं नाही, या गोष्टीचा खरं म्हणजे पासंगरावांना प्रचंड संताप यायला हवा होता. धंद्यातल्या माणसाच्या तोंडाला याहून काळं काय फासायचं? ते संतापाची वाट बघत बसले. संताप आला नाही. त्यांच्या मनात एवढंच आलं, की सील इतकं चांगलं मारायला हिला कोणी शिकवलं? मग आठवलं, आपणच.

"उद्या रविवार आहे," ते म्हणाले.

यावर काही उपाय नव्हता. पाच महिन्यांनी पासंगराव दांडा नव्याने करणार होते, हवं तर तीन मीटरचा, दुमडता. पण पलीकडच्या खिडकीतल्या माणसाबद्दल डॉक्टर आता महिन्यांची भाषा बोलत नव्हते. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही ते एकमेकांना सांगत नव्हते.

रविवारी दुपारी पासंगराव क्लबात गेले आणि बोट पाण्यापासून चार पावलांवर वाळूत उभी केली. मग त्यांनी शीड चढवलं. जमिनीवर शीड चढवलेली बोट वाऱ्याने कलंडते, म्हणून एका अंगाने तिला टेकू लागतो. टेकू म्हणून त्यांनी दोन मीटरचा दांडा लावला. तो त्या कामाला अगदी बेतून केल्यासारखा बसला. दुसऱ्या अंगाला वजन हवं होतं. तिथे बायको बसली, वर्तमानपत्र घेऊन, पाण्याकडे पाठ करून. सेक्रेटरीबाई व्हरांड्यातून हे बघत होत्या. त्यांनी नियमांची वही काढली, पानं उलटली, जमिनीबद्दल काही सापडलं नाही, आणि त्या आत गेल्या.

साडेचारला फोन वाजला. पलीकडे मेहुणे. आवाज बारीक झाला होता, कान देऊन ऐकावा लागत होता.

"दिसलं," ते म्हणाले. "लांब आहेस."

पासंगरावांनी आजवर कोणाला खोटं माप दिलं नव्हतं. त्यांनी वाळूकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं. "वारा तिकडे येऊ देत नाही, दादा. इकडेच अडकलोय."

"बोट काय म्हणते?"

"चाललीय छान."

 मागे सून भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मग ते आणखी हळू बोलले, तोंडाशी हात धरून बोलावं तसं. "अर्धा तास झाला, शीड एकाच झाडापुढे आहे. मला चालतं. पण सूनबाई हुशार आहे, मघापासून माझ्याकडे बघतेय. जरा सरकव की, पासंगराव."

फोन खिशात ठेवून पासंगरावांनी टेकू काढला. बायकोने वर्तमानपत्राची घडी करून ती कमरेला खोवली. मग एकाने एक होडी, दुसरीने दुसरी धरली, आणि वाऱ्याने फडफडणारं शीड सांभाळत, वाळूत घोट्यापर्यंत रुतत, ती दोघं बोट डावीकडे ढकलू लागली. वीस पावलांवर पुढचं झाड होतं. बोट जड होती, एकशे सोळाहून बरीच जड. मधेच थांबून पासंगरावांनी घाम पुसला, पलीकडच्या खिडकीकडे पाहून घेतलं, आणि पुन्हा खांदा लावला.